देवीनं लाज राखली

१

“दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं धरून चालू नका,” माझ्या सिझरनंतर घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. “आणि अंगदुखीची गोळी घेताना दुसरं काय चालू आहे ते सांगत जा. कुणी विचारलं नाही तरी सांगा.” मी मान हलवली आणि रेवाचं टोपडं शोधत बसले. असल्या सूचना सगळ्यांनाच देत असतील, असं मला वाटलं.

रेवा आठ महिन्यांची असताना आमच्या हडकोतल्या घरी, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, माझी मोठी जाऊ सोनियाताई गेली.

सवाष्णी येऊन बसल्या होत्या. सोनियाताई पहाटेपासून सोवळ्यात पोळ्या लाटत होती. लाटणं हातातच होतं, आणि ती भिंत धरून खाली बसली. “प्रेरणा, दम पुरंना गं.” ओठ निळे पडले होते. मी रेवाला नणंदेकडे, दिपालीकडे दिलं आणि धावले.

“अगं, सोवळ्यात हाय ती, शिवू नको!” आत्याबाई ओरडल्या. सरूबाई, माझ्या सासूबाई.

मी शिवले. तिचं अंग घामानं गार पडलं होतं.

जालना रोडच्या दवाखान्यात तासाभरात डॉक्टर बाहेर आले. पायात रक्ताची गुठळी झाली असावी आणि ती फुप्फुसात गेली आहे, असं म्हणाले. आम्ही सगळेच तिथं उभे होतो. सासरे नानासाहेब, आत्याबाई, सोनियाताईचा नवरा, सणापुरते पुण्याहून आलेले इंद्रजीतभाऊजी, माझा नवरा कृष्णा आणि मी.

“काही गोळ्या चालू होत्या का? हार्मोनच्या? पाळणा लांबवायच्या?”

“ऑपरेशन झालंय तिचं,” भाऊजी म्हणाले. “दुसऱ्या पोरानंतरच. ती कशाला खाईल?”

“दुसरं काही?”

“पाय दुखत होता. दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या, गल्लीतल्या डॉक्टरनं दिलेल्या.”

डॉक्टरांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. कुणीच काही बोललं नाही, म्हणून ते आत गेले. दिवेलागणीला सोनियाताई गेली. तेहतीस वर्षांची होती.

शेवटची आंघोळ घालताना मला एक दिसलं. उजव्या पायात पैंजण होतं, डाव्यात नव्हतं.

२

“दवाखान्यात चोरलं मेल्यांनी,” आत्याबाई म्हणाल्या. मेलेल्या सवाष्णीच्या अंगावरची चांदी चोरणाऱ्यांना त्यांनी दोन दिवस शिव्या घातल्या.

पैंजण मला स्वयंपाकघरातच सापडलं, तिच्या मसाल्याच्या फडताळात, धन्याच्या डब्यामागे. तिनं ते स्वतःच काढून ठेवलं होतं. ऐन महालक्ष्म्यांत कुठली सवाष्ण एका पायातलं पैंजण काढते? जिचा एकच पाय सुजलाय ती. म्हणजे गुठळी त्या दिवसाची नव्हती. ती आधीपासून तिच्या पोटरीत होती, आणि वरून दुखण्याच्या गोळ्या पडत होत्या. ठणका दबत होता, म्हणून ती उभी राहत होती.

पण धडधाकट बाईच्या पायात गुठळी झालीच कशानं?

भाऊजींना हा प्रश्नच नव्हता. “त्या संघपाल डॉक्टरला मी सोडणार नाही. सुई मारली, गोळ्या दिल्या आणि माझी बायको घालवली. असल्या लोकांकडं जायलाच नको होतं.”

‘असल्या’ म्हणजे कसल्या, हे घरात कुणी विचारलं नाही. संध्याकाळी गल्लीतली चार पोरं दवाखान्यावर गेली आणि काच फुटल्याचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत आला.

मी मुळातच भित्री आहे. रेवा झाल्यापासून तर जास्तच. तिचा श्वास चालू आहे ना, हे मी झोपेतून उठून बघते. जे सोनियाताईला घेऊन गेलं ते अजून या घरात असलं तर? अंथरुणं काढायला मी जिन्याखालच्या खोलीत गेले. गणपतीच्या मखराचे रिकामे खोके तिथं छतापर्यंत रचलेले होते. ते सरकवताना जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल घट्ट पडत होतं, दुसरं ओढत.

बाहेर येऊन बघितलं तर दिपाली होती. वीस वर्षांची पोर, हातात पाण्याची कळशी.

“काय गं, लंगडतेस का?”

“काही नाही वहिनी. धावपळीनं पोटरी भरलीय. आईनं गोळी दिलीय दुखण्याची.”

३

संघपाल डॉक्टर दवाखान्यातली काच झाडूनं गोळा करत होते. मला बघून थांबले.

“इंद्रजीतरावांनी पाठवलंय?”

“नाही. मी आलेय हे त्यांना माहीत नाही.”

त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. रेवा मांडीवर होती. तिला काचेचा तुकडा दिसला की ती हात पुढे करायची आणि मी मागे ओढायचे.

“दुखण्याची डायक्लोफिनॅक दिली मी,” ते म्हणाले. “एक सुई आणि तीन दिवसांच्या गोळ्या, जेवणानंतर. लपवण्यासारखं काय आहे त्यात? पित्त, बीपी, दमा, किडनी, सगळं विचारलं. या गोळ्या पोटात रक्तस्राव करतात, किडनीला त्रास देतात, कुणाच्या हृदयावर येतात. म्हणून विचारावंच लागतं. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारलं.”

“ताई काय म्हणाली?”

“त्या काहीच बोलल्या नाहीत. शेजारी बघितलं त्यांनी. तुमच्या सासूबाई होत्या सोबत. त्या म्हणाल्या, ‘काय नाय हो, धडधाकट हाय ती.’ पाय तेव्हा सुजलेला नव्हता. एकच पाय सुजला तर त्याच दिवशी परत या, असंही मी सांगितलं होतं.”

“मग गुठळी कशानं झाली?”

“तीन दिवसांच्या डायक्लोफिनॅकनं धडधाकट बाईला एवढं होणं फार दुर्मीळ. पण तिच्या जोडीला हार्मोनची गोळी चालू असेल तर धोका वाढतो. एकटी तीसुद्धा गुठळी करू शकते. मोठ्या दवाखान्यात विचारलं असेल ना तुम्हाला?”

“विचारलं. ऑपरेशन झालंय म्हणून सांगितलं भाऊजींनी.”

“मूल होऊ नये एवढ्यासाठीच बायका हार्मोन खातात का?” ते मला नाही, फुटक्या खिडकीलाच विचारल्यासारखं बोलले. मग म्हणाले, “भाऊजींना सांगा, तक्रार करा. हक्क आहे त्यांचा. हॉस्पिटलकडे केसपेपर मागा, लेखी मागितले की बहात्तर तासांत द्यावे लागतात. मेडिकल कौन्सिल आहे, ग्राहक आयोग आहे. दगडापेक्षा ते बरं. फक्त तक्रारीत घरातलंही खरं लिहा म्हणावं.”

मी उठले. दारातून त्यांनी विचारलं, “घरात अजून कुणाचा पाय दुखत नाही ना?”

४

आमच्या कोपऱ्यावरचं मेडिकल साहेबरावांचं. ते नानांच्या भावकीतले. हार्मोनची गोळी आमच्या घरी कुणी नेली का, असं मी सरळच विचारलं, तसे ते दुखावले.

“वहिनी, तुमच्या घरातलं कुणी डोकेदुखीची गोळी न्यायला आलं तरी संध्याकाळी मी नानाला इचारतो, बरं हाय ना घरी? माझ्याकडून बायकांची असली गोळी कोण नेईल? पार गल्लीला कळंल की.”

“आणि दुखण्याच्या? त्या चिठ्ठीशिवाय देता?”

“त्या तर देतोच. चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. कायद्यानं मागावी, व्हय. पण कायदा काय गल्ल्यावर बसतो का माझ्या?”

म्हणजे गोळी आली असेल तर लांबून आली होती. जिथं आमच्या घरच्यांना कुणी ओळखत नाही तिथून.

शेजारच्या वच्छलाबाई ओट्यावर गुडघे चोळत बसल्या होत्या. त्यांना बोलतं करावं लागत नाही.

“माझ्याबी गोळ्या दिल्या की मी तिला. गुडघ्याच्या. मला लई गुण आला, मग तिला का येऊ नये?”

“डॉक्टरांच्या चालू असताना?”

“अगं, दुखतंय म्हणत होती! आता मेल्यावर सगळे माझ्याच गोळ्या मोजा.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “सोन्यासारखी बाई. गेल्या साली ऐन महालक्ष्म्यांत बाजूला बसली तर सरूनं किती बोललं तिला. सगळ्या भावकीत डोळ्यातून पाणी काढलं पोरीच्या. मी म्हणलं औंदाबी तिची तारीख तितंच येती का काय. पण औंदा देवीनं लाज राखली.”

मी घरी आले आणि जिन्याखालच्या खोलीपुढे उभी राहिले.

ही खोली आमच्या घरात अडचणीच्या बाईसाठी असते. पाळी आली की इथं बसायचं, ताट वेगळं, शिवायचं नाही. त्यामुळे कुणाची पाळी कधी, हे आमच्याकडे बोक्यालासुद्धा माहीत असतं. मी बाळंतपणापासून अंगावर पाजतेय, माझी अजून आलेली नाही. नागपंचमीला सोनियाताई या खोलीत होती. वारुळाला मी एकटीच आत्याबाईंबरोबर गेले होते. तिथून महिना धरला तर गणपतीच्या दिवसांत तिनं पुन्हा या खोलीत असायला हवं होतं. आणि ती सोवळ्यात पुरण वाटत होती. खोलीत मखराचे खोके होते.

देवी अशी तारीख सरकवत नाही. तारीख गोळी सरकवते.

मग दुसरी गोष्ट आठवली. नागपंचमीला त्या खोलीत ती एकटी नव्हती. ताटं दोन गेली होती. वच्छलाबाई त्यांना ‘जोडी’ म्हणायच्या.

सोनियाताई आणि दिपाली.

५

दिपाली गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी दार लावून घेतलं.

“सलवार वर कर.”

“वहिनी, काहीपण काय?”

“कर म्हणते ना.”

डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच जाड होती. तांबूस, तकतकीत. हात लावला तर गरम. तिनं ओठ दाबून धरले.

“कुठल्या गोळ्या खातेस?”

“दुखण्याच्याच. शप्पथ.”

“आणि पाळीच्या?”

तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. “आईला सांगू नका ना, मी सांगितलं म्हणून. आई लई चिडंल. आम्हा दोघींना आईच द्यायची, कुंकवाच्या डब्यातून काढून. सुट्ट्याच, पट्टी नाही. सोनियावहिनी म्हणायची, एवढे चार दिवस जाऊ दे गं, बोलणी खाण्यापेक्षा बरं.”

“चार दिवस कधीच गेले, दिपाली. तू अजून का खातेस?”

“तेरावं आहे ना. गोड जेवण मला करायचंय. तुमचं बाळ लहान, बाकी कोण आहे? आई म्हणाली, तेराव्यापर्यंत खा, मग सोड.”

ज्या गोळीनं एक बाई गेली, तीच तिच्या तेराव्यासाठी दुसरीला चारणं चालू होतं. आणि दोघींच्या पायांना दुखण्याची गोळी, म्हणजे कुरकुर नको.

“ऑटो बोलव,” मी खाली येऊन कृष्णाला सांगितलं. “घाटीत जायचंय, सरकारी दवाखान्यात. आत्ता.”

आत्याबाई दारात आडव्या आल्या. “सुतकात कुटं निगाली पोरीला घिऊन? काय झालं एवढं?”

“जे ताईला झालं तेच.”

“आगं, हळू बोल!” त्यांनी माझं मनगट धरलं. “पिशोरची माणसं तेराव्याला येनार हायेत. पोरगी बगून गेलेत ती. लगीन न झालेली पोर गोळ्या खाती म्हणलं तर लोक काय समजत्यात, तुला कळत नाय का? शिकलेली ना तू?”

कळत होतं. लोकांच्या याच धाकानं सोनियाताई डॉक्टरपुढे गप्प बसली होती. मी मनगट सोडवून घेतलं.

६

घाटीतल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. दिपालीचा पाय बघताच त्यांनी स्ट्रेचर मागवलं आणि तोच प्रश्न विचारला. “काही गोळ्या चालू आहेत का?”

आजूबाजूला शंभर माणसं. आत्याबाई माझ्या पदराला हिसका देत होत्या. दिपालीनं डोळे मिटून घेतले होते.

“पाळी पुढे ढकलायच्या,” मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. “आणि त्यावर दुखण्याच्या. हिच्या वहिनीला पण हेच चालू होतं. ती गेली.”

“कुठली गोळी? किती एमजीची?”

मला माहीत नव्हतं. मी तर पट्टीसुद्धा बघितलेली नव्हती. “पांढरी, बारकी,” दिपाली म्हणाली. आत्याबाईंना वाचता येत नाही.

“पाच एमजी,” माझ्या मागून आवाज आला. “दिवसातून तीनदा.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि दिपालीला आत नेलं. मी वळले. मागे कृष्णा उभा होता. गोळीची ताकद त्याला तिघींपैकी कुणी सांगितलेली नव्हती.

मग सगळं सरळ दिसलं. आत्याबाई एकट्या गल्ली ओलांडत नाहीत. भाऊजी सणाच्या आदल्या दिवशी पुण्याहून आले. नानांना साहेबरावांचं दुकान सोडून दुसरं माहीत नाही. लांबून, जिथं कुणी ओळखत नाही तिथून, गोळ्या आणू शकणारा एकच होता. वाळूजच्या कंपनीत रोज छावणी भागातून जाणारा.

“आईनं रिकामी पट्टी दिली होती, अशीच आण म्हणाली,” कृष्णा म्हणाला. “बायकांच्या गोळ्या. मी काय विचारणार?”

“त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथंच उभे होतात.”

“सगळ्यांपुढं काय सांगू? वहिनीच्या पाळीचं? भाऊ होता, नाना होते. आणि ते हार्मोनच्या म्हणाले. त्या या नसतील, असं वाटलं मला.”

“वाटलं की वाटून घेतलं?”

तो केसपेपरच्या रांगेकडे निघाला. मी आडवी आले.

“दिपालीसाठी परत कधी आणल्या?”

“प्रेरणा, जाऊ दे ना आता.”

“कधी?”

“राख सावडून आलो त्या दिवशी,” तो म्हणाला. “आईनं सांगितलं होतं.”

७

दिपाली वाचली. गुठळी पोटरीतच अडवता आली. आता काही महिने तिला रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत. त्यांच्यावर दुखण्याची कुठलीच गोळी मनानं घ्यायची नाही, आत रक्तस्राव होऊ शकतो, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. घरी आली त्याच दिवशी वच्छलाबाई पुरचुंडीत त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या घेऊन आल्या होत्या. “अशक्तपणा आलाय पोरीला, अंग दुखत आसंल.” मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. मी माजले, असं त्या गल्लीभर सांगतात.

पिशोरचं स्थळ मोडलं. ते माझ्यामुळे मोडलं, असं घरात ठरलंय. “शंभर माणसांत तोंड उघडलं हिनं,” आत्याबाई आल्यागेल्याला सांगतात. सोनियाताई त्यांच्या मते देवीच्या मर्जीनं गेली. रात्री तिच्या धाकट्याला थोपटताना त्या रडतात. ते रडणंही खरं आहे, म्हणून मला त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही.

छावणीतल्या त्या दुकानात मी गेले. तीच गोळी मागितली. चिठ्ठी विचारली नाही, वयही विचारलं नाही. बिल मागितलं तसा काउंटरवरचा माणूस हसला. “मॅडम, ऐसी गोली का बिल कौन लेता? लोगां कागद में लपेट के ले जाते.” मी बिल घेतल्याशिवाय हलले नाही. चिठ्ठीशिवाय ही गोळी विकता येत नाही, आणि मागितल्यावर बिल द्यावंच लागतं. ते बिल जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली. पण ते बिल माझ्या गोळ्यांचं आहे. सोनियाताईच्या गोळ्या त्याच दुकानातून आल्या, हे सांगू शकणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्याच शेजारी झोपतो. “घरातली गोष्ट घरात राहू दे,” म्हणतो.

भाऊजींची तक्रार मात्र गेली, संघपाल डॉक्टरांविरुद्ध. तीत सुई आहे, गोळ्या आहेत, कुंकवाचा डबा नाही. मी डॉक्टरांच्या बाजूनं माझा जबाब लिहून दिला, तेव्हापासून या घरात माझ्याशी कामापुरतं बोलतात. जिन्याखालच्या खोलीतले खोके काढून झालेत. खोली पुन्हा रिकामी ठेवलीय. माझी पाळी परत सुरू होईल तेव्हा काय, हे मी अजून ठरवलेलं नाही. रेवा आता उभी राहते, त्या खोलीची कडी वाजवते.

आता नवरात्र येईल, दिवाळी येईल, कुणाचं लग्न, कुणाची वास्तुशांत. तुमच्या घरात एखादी बाई किंवा एखादी पोर गेले काही दिवस “पाय जरा भरलाय” म्हणत असेल आणि गोळी खाऊन पुन्हा कामाला लागत असेल. तिला माणसांत विचारू नका, खरं सांगणार नाही ती. बाजूला घ्या आणि दुसरी कुठली गोळी घेतेस का विचारा. दोन्ही पोटऱ्या उघड्या करून शेजारी शेजारी ठेवून बघा. एक जाड दिसली, गरम लागली, तर सण तसाच टाका आणि तिला घेऊन निघा. हे वाचून झालं की लगेच उठा. ती आत्ता कुठं आहे, बघून या.